व्याही बसले अन् वारा अडला

झरीच्या बाजारात भुजंग मापाड्याचा आवाज ऐकला नाही असं माणूस नव्हतं. ज्वारीचा ढीग समोर असायचा. त्यात अधोली खुपसायची, वरून तळहातानं सपाट करायची, आणि पहिलं माप पोत्यात पडलं की गळ्याच्या शिरा ताणून म्हणायचं, "लाऽऽभ!" मापाडी लोक पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. एक म्हटलं की मोजदाद आली, आणि मोजदाद आली की धान्याची बरकत जाते म्हणतात. म्हणून आधी लाभ, मग दोन, मग तीन. भुजंगचा लाभ असा निघायचा की पाराखाली झोपलेली कुत्री उठून बसायची.

घरातही सवय तीच. गोजरबाईनं ताटात पहिली भाकरी टाकली की हा म्हणणार "लाभ". पोरगी झाली आणि सुईणीनं बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा लोक पोरगी म्हटल्यावर तोंड पाडायचे, हा ओट्यावरून ओरडला, "लाभ!" तीच दैवशाला. तिच्या पाठीवर काही झालं नाही. दोन म्हणायची पाळीच आली नाही.

एवढ्या आवाजाचा माणूस, पण लाजरा इतका की नव्या नवरीनं शिकून घ्यावं. इतकी वर्षं संसार झाला, पण गोजरबाईनं नवऱ्याचा ढेकर ऐकला नव्हता. ढेकराच्या पुढची गोष्ट तर लांबच. जेवून उठला, पोट गडगडलं, की हा खाकरायचा आणि म्हणायचा, "बैलाला पाणी दावून येतो." मग गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीच्या पल्याड जायचा. गोजरबाई मान खाली घालून भांडी घासायची. तिला सगळं कळायचं. शेंगाभाजीच्या दिवशी त्या बैलाला किती तहान लागावी, त्याला काही हिशेब!

या लाजेनंच त्याचा घात केला. जांघेत गाठ येऊ लागली होती. पोतं उचललं की बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. अंतर्गळ तो. पण दाखवायचा कुणाला आणि सांगायचा कसा? भुजंगनं लंगोट आवळून बांधला आणि गाठीला विसरून गेला. गाठ मात्र त्याला विसरली नाही. ते लढाईचे दिवस होते, घासलेट मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं. सुगीच्या तोंडी एका बाजाराला हमाल आला नाही, म्हणून यानं भरलेलं पोतं स्वतःच पाठीवर घेतलं, आणि घेतलं तसा मटकन खाली बसला. गाठ बाहेर आली ती आत जाईना. ओकाऱ्या सुरू झाल्या. पोट पाट्यासारखं घट्ट झालं. गोजरबाईनं गाडी जुंपवली, खाली कडबा अंथरला, आणि परभणीच्या सरकारी दवाखान्यात नेऊन घातलं.

डॉक्टर हैदराबादचे होते, कुद्दूस डॉक्टर म्हणायचे त्यांना. उंच, बारीक, शेरवानीवर पांढरा कोट. मराठी बोलायचे, पण दखनीची फोडणी दिलेली. त्यांनी पोट बघितलं आणि म्हणाले, "बाई, आतडं अडकलंय. कापावं लागतंय. अब्बीच." गोजरबाईनं अंगठा उठवला. भुजंगला आत नेलं, गुंगीचं औषध हुंगवलं, पोट उघडून आतडं सोडवलं आणि शिवून टाकलं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, "आतडं काळं पडायच्या आत आलात. अल्लाची मेहरबानी."

गोजरबाईनं सात देव आठवले. तिला वाटलं संपलं. खरी गंमत तर पुढंच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, भुजंगच्या पोटावर नळी ठेवली, डोळे मिटून ऐकलं.

"काय म्हणतंय?" गोजरबाईनं विचारलं.

"कुच्छ नहीं म्हणत. तेच तर." डॉक्टरांनी नळी गळ्यात टाकली. "पोट कापलं की आतडी रुसतात बाई, झोपून जातात. त्यांना जागवायचंय. उठवून बसवा, पाय खाली सोडू द्या. धरून वरांड्यात थोडं थोडं चालवा. कोमट पाणी, घोट घोट. जेवण बिल्कुल नाही. जोवर हवा सरकत नाही, तोवर दाणा पोटात नको."

"कुठली हवा?"

डॉक्टर जरा थांबले. कमलबाई नर्स पाठीमागं उभी होती, जालन्याकडची, बोलायला पटाईत. ती म्हणाली, "वारा ओ मावशी, खालचा! तो सुटला म्हंजे आतडी जागी झाली. राजाला तोफेची सलामी, तसा पोट कापलेल्या माणसाला वारा."

गोजरबाईनं पदर तोंडात कोंबला. भुजंग भिंतीकडं वळला. टाके होते म्हणून, नाहीतर भिंतीत शिरला असता.

"पण डॉक्टरसाब, कालचं कापलेलं पोट," गोजरबाई म्हणाली, "चालवायचं कसं? उसवंल की!"

"हम भी पहले झोपवूनच ठेवायचो," डॉक्टर म्हणाले. "आता लढाईत डॉक्टर लोक बघायलेत, लौकर उठवलेला शिपाई लौकर बरा होतोय. खोकताना, उठताना उशी पोटावर दाबून धरायची. काही उसवत नाही."

ते गेल्यावर कमलबाईनं आणखी एक सांगितलं. तोंडात काहीतरी चघळायला द्यायचं, गिळायचं नाही. "तोंड हलू लागलं की पोटाला वाटतं जेवण यायलंय. मग ते आपसूक उठून बसतं."

"म्हंजे पोटाला फसवायचं."

"फसवायचंच."

"मग जमंल," गोजरबाई म्हणाली. "पोटाला फसवतच तर संसार केलाय."

दवाखान्यामागं बाभळी होत्या. तिनं खोडावरचा डिंक काढून आणला, चांगला बोराएवढा. भुजंगला उशी पोटाशी धरून बसवलं, पाय खाली सोडले, डिंक तोंडात दिला. भुजंग पोरासारखा डिंक चघळू लागला. कमलबाईनं एक बाजू धरली, गोजरबाईनं दुसरी, आणि दाराशी नेऊन परत आणला. चेहरा दुखण्यानं वाकडा झाला, पण परत येऊन बसला तेव्हा म्हणाला, "आतमंदी कायतरी हललं बग. उंदीर पळाल्यावानी."

"पळू द्या, पळू द्या," गोजरबाई म्हणाली. शेजारच्या खाटेवर तंगडी मोडलेला एक म्हातारा होता, तोही म्हणाला, "आज सांजच्याला पेढे."

आणि तेवढ्यात गंगाखेडची गाडी आली.

माणिकराव आले, पार्वतीबाई आल्या. दैवशालेचे सासू-सासरे. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन, आणि मुलाकडचा इवाई म्हणजे देवाच्या वरचा. माणिकराव तर त्यातही वरचे. दैवशालेच्या लग्नात त्यांच्या गादीला लोड टेकवायचा राहिला, तर ते पंगतीतून उठून चिंचेखाली जाऊन बसले होते. अख्खी पंगत हात वाळवत बसली. शेवटी भुजंगनं डोक्यावर लोड घेतला आणि चिंचेपर्यंत वाजतगाजत नेला, तेव्हा ते हसले. तसे मनानं वाईट नव्हते. दैवशालेला त्यांच्या घरी कधी उपाशी झोपावं लागलं नाही. पण मान म्हणजे मान. एकुलती एक लेक त्यांच्या घरात, तेव्हा इकडं गोजरबाईची मान त्यांच्यापुढं कायम खाली.

खबर कशी लागली कोण जाणे, पण इवाई दवाखान्यात आहे कळल्यावर ते पहिल्या गाडीनं निघाले. पार्वतीबाईंच्या हातात लाडवाचा डबा, माणिकरावांच्या डोक्याला जरीचा पटका. दारात त्यांना बघितलं मात्र, भुजंगनं डिंक गपकन थुंकला, पाय खाटेवर घेतले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि बायकोला हळूच म्हणाला, "फेटा! माझा फेटा दी!"

"अवं, निजलेल्या माणसाला फेटा?"

"दी म्हणतो ना!"

तेव्हापासून भुजंग मापाडी डोक्याला फेटा बांधून उताणा निजला. तंगडी मोडलेला म्हातारा म्हणाला, "नवरदेव तयार हाय, नवरी कुठाय?"

माणिकराव उशाला बाकावर बसले, पार्वतीबाई पायथ्याला चटईवर. बसले ते बसले. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी हजर, दिवे लागले की स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत. दुपारी दोन घास खायला उठायचे तेवढेच. लोकं भेटायला येतात, घटकाभर बसतात, जातात. पण माणिकराव म्हणायचे, "सोयऱ्याला असा टाकून कसा जाऊ? उद्या गंगाखेडात लोक तोंडात शेण घालतील. इवाई उठून बसल्याबिगर आमी हलत न्हाई."

आणि इवाई उठून बसणार कसा? पाय खाली सोडावेत, तर ते नेमके इहिणीच्या तोंडाकडं होतात. चालावं, तर अंगात दवाखान्याची विजार, नाडीची, ती बी आखूड. भुजंगनं जन्मात धोतराशिवाय काही नेसलं नव्हतं. डिंक चघळावा, तर "इवायासमोर जनावरावानी रवंथ करू काय?" आणि उरलेली गोष्ट तर बोलायचीच सोय नाही. डॉक्टरांनी सांगितलेला एकेक उपाय माणिकरावांच्या पटक्यावर आदळून परत यायचा.

पाहुणे मात्र मायेनं वागत होते, हीच तर अडचण. कमलबाई उठवायला आली की माणिकराव हात आडवा करायचे. "नका हलवू ओ माणसाला! पोट फाटंल त्याचं." पार्वतीबाई दर घटकेला डबा उघडायच्या. "एक लाडू खाऊ द्या, अंगात रग यील." गोजरबाई म्हणायची, "डॉक्टरचा हुकूम न्हाई, इहीनबाई." त्यावर पार्वतीबाईंनी कमरेच्या पिशवीतून चांदीची डबी काढली. सांधे दुखायचे त्यांचे, म्हणून थोडी अफू बाळगायच्या. "मग ही ज्वारीच्या दाण्याएवढी द्या. गपगार निजतील."

गोजरबाईनं कमलबाईला कोपऱ्यात गाठलं. कमलबाईनं कपाळावर हात मारला. "मावशी, आधीच आतडी निजलीत, त्यावर आन अफू? आठ दिवस जाग यायची न्हाई त्यांना!" पण इहिणीनं दिलेली गोष्ट परत कशी करायची? गोजरबाईनं गोळी घेतली, डोळ्याला लावली, "दिली बगा," म्हणाली, आणि पदराच्या गाठीत बांधून टाकली. संध्याकाळी पार्वतीबाई म्हणाल्या, "बगा, कसं शांत निजलेत." भुजंग टक्क जागा होता, फेट्याखाली घाम निथळत होता.

पोट फुगू लागलं. डॉक्टरांनी येऊन टरबूज वाजवून बघावं तसं वाजवून बघितलं, नळी लावली, आणि या खेपेला काही गंमत केली नाही. गोजरबाईला दाराशी बोलावलं.

"चालवलं?"

गोजरबाईनं मागं बाकाकडं बघितलं.

"चबाया कुछ?"

गोजरबाई पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरू लागली.

"बाई, ऐका. आज सांजेला मी पुन्हा येतो. तोवर हवा सरकली तर ठीक. नाही सरकली तर आत काही अडकलंय का ते बघायला पोट पुन्हा उघडावं लागंल. माणूस थकलाय. दुसऱ्यांदा झेपंल का नाही, मला जुबान देता येत नाही."

भाकरी उलटताना तवा चुलीवरून घसरावा, तसं झालं गोजरबाईला. ती खाटेपाशी आली तर माणिकराव आणि पार्वतीबाई दुपारचे दोन घास खायला गेले होते. ती नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"अवं, खरं सांगा. आतमंदी कायबी हलंना का?"

भुजंगनं इकडंतिकडं बघितलं. म्हातारा घोरत होता. "हलतंय की."

"आं?"

"कालच्याला दुपारी आलं हुतं. पार दारापतूर आलं हुतं. आज सकाळीबी आलं."

"मग?"

"मग काय! धरलं."

"धरलं?" गोजरबाई मटकन बाकावर बसली. "अवं, डॉक्टर पोट फाडायला सुऱ्या परजू लागलाय, आन तुमी धरून ठिवलं?"

"मग काय करू? उशाला इवाई, पायथ्याला इहीन! तिकडं आपली लेक नांदती. उद्या पाण्याच्या घाटावर बाया म्हणतील, मापाड्याची लेक का गं तू, ज्याच्या बापानं इवायासमोर…" पुढचा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. "आन आता तर येईनासंच झालंय. दारावरून परत गेलेला पाव्हणा, पुन्यांदा कशाला यील?"

गोजरबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं कमलबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी हाकलते की पाव्हण्यांना. दवाखान्याचा कायदा दावते." गोजरबाईनं तिचे हात धरले. "नको गं माय! लोड टेकवला न्हाई तर चिंचेखाली गेलेला माणूस त्यो. शिपाई लावून हाकलला म्हणलं तर पोरगीला जन्मभर ऐकावं लागंल."

मग तिनं एक युक्ती केली. माणिकराव परत आले तसं तिनं पदर नाकापर्यंत ओढला आणि पार्वतीबाईंकडं वळली. व्याह्याशी बाई माणसानं थेट बोलायची रीत नव्हती. तो हाताभरावर बसला असला तरी निरोप इहिणीमार्फत जायचा. "इहीनबाई, इवायाला म्हणावं, पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलले होते मी. तुमच्यासारख्याच्या हातानं फुटला तर लय गुण यील. टांगा सांगू का?"

पोखर्णीला जाऊन यायचं म्हणजे टांग्यानं दिवस मावळतो. चांगला बेत होता. पण माणिकरावांनी छातीवर हात ठेवला. "इहीनबाईला म्हणावं, नवस तुमचा, नारळ तुमच्या हातचा. इवाई बरे होऊ द्या, मी स्वतः त्यांना गाडीत घालून नेतो. अशा टायमाला मी देवाला जरी गेलो तरी पळून गेलो म्हणतील." आणि बाकावर आणखी घट्ट बसले. बसताना जरा कण्हले, पण गोजरबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती भुजंगकडं बघत होती. फेट्याखाली त्याचा चेहरा पिवळा पडला होता, आणि पांघरुणाखालचं पोट चढत चाललं होतं.

दुपार कलली. वरांड्यातली उन्हं खाटेच्या पायापर्यंत आली. कमलबाई दोनदा दारात येऊन गेली, काही न बोलता. आता डॉक्टर यायला फार वेळ नव्हता.

गोजरबाई उठली. खाटेला धरून उभी राहिली. आयुष्यात तिनं कुणापुढं मान वर केली नव्हती. सासूपुढं नाही, सावकारापुढं नाही, इवायापुढं तर स्वप्नातही नाही. तिनं मनात म्हटलं, लेकीला बोल लागला तर लागू दे. बोल लागलेली लेक माहेरी येऊन रडंल तरी. बापच नसला तर कुणापाशी येईल?

"इहीनबाई," ती म्हणाली. आवाज फाटला, पण निघाला. "इवायाला म्हणावं, मालकाला वारा सोडायचाय."

पार्वतीबाईंच्या हातातला डबा तसाच राहिला.

"म्हणावं, डॉक्टर म्हणतोय वारा सुटला तर माणूस जगंल, न्हाई सुटला तर सांजच्याला पुन्हा पोट फाडणार. आन म्हणावं, त्यो सुटंना का, तर तुमी बसलात म्हणून. कालच्यापसून धरून ठिवलाय त्यांनी तुमच्या मानासाठी. म्हणावं, मान मोठा हाय तुमचा, लय मोठा. पर माझ्या नवऱ्याचं पोट तेवढं मोठं न्हाई, की त्यात सगळा मावावा."

भुजंगनं फेटा तोंडावर ओढून घेतला. शेजारचा म्हातारा जागा होता, तो कोपरावर उठला. सगळी वॉर्डातली माणसं इकडंच बघू लागली. पार्वतीबाई नवऱ्याकडं बघेनात. निरोप पुढं कसा द्यायचा ते त्यांना सुचत नव्हतं. खरं तर द्यायची गरजही नव्हती.

माणिकराव बाकावर ताठ बसून होते. मिशा थरथरल्या. गोजरबाईला वाटलं, आता उठणार, आणि दवाखान्यासमोर लिंब आहे तिथं जाऊन बसणार. लोड तर सोडाच, आता पालखी आणली तरी उठायचे नाहीत.

माणिकराव बायकोकडं बघून, खालच्या आवाजात म्हणाले, "इहीनबाईला म्हणावं… मलाबी."

"काय मलाबी?" पार्वतीबाई म्हणाल्या.

"अगं, मलाबी! त्या धर्मशाळेतल्या डाळीनं माझं पोट नगारा झालंय. सकाळपसून बाकावर एका कुशीवर बसलोय, ते काय हौस म्हणून? उठून जावावं तर इवाई म्हणतील, आमच्या दुखण्यात पाय काढला. घरी जावावं म्हणतो, ऊस वाळू लागलाय तिकडं, पर जाऊ कसा? सोयऱ्याच्या मानासाठी मीबी धरूनच बसलोय की!"

पहिल्यांदा तंगडी मोडलेला म्हातारा हसला. मग पार्वतीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलू लागले. मग फेट्याच्या आतून खुसखुस आवाज आला, आणि लगेच "आई गंऽऽ", कारण हसताना टाके ओढले. "उशी धरा, उशी धरा!" गोजरबाई ओरडली.

माणिकराव उठले. जरीचा पटका डोक्यावरून उतरवला, बाकावर ठेवला. त्याशिवाय ते कसे दिसतात हे गोजरबाईनं आज बघितलं: मधोमध टक्कल, कडेला चार केस, लहान मुलासारखं डोकं. त्यांनी भुजंगचाही फेटा काढून खुंटीला लावला. "चला इवाई. कुठवर चालायचं म्हणलं डॉक्टरनं?"

"वरांड्यात," भुजंग म्हणाला. "पर माझ्या अंगात विजार हाय…"

"असू द्या. माझ्या अंगात नगारा हाय."

कमलबाईनं डिंक आणून दिला, एक भुजंगच्या तोंडात, एक माणिकरावांनी मागून घेतला. पोटाशी उशी, एका बाजूला माणिकराव, दुसऱ्या बाजूला भिंत, असे दोघं इवाई निघाले. तोंडं दोघांची हलत होती. गोजरबाई मागं जाऊ लागली तर पार्वतीबाईंनी तिचा हात धरून चटईवर खाली बसवलं. "पुरुषांच्या कामात आपण कशाला? दाराकडं पाठ करा." दोघी पाठ करून बसल्या. इहीन इहिणीच्या इतक्या जवळ कधी बसली नव्हती.

वरांड्यात पावलं वाजत होती. जाऊन लिंबापाशी थांबली, परत फिरली, पुन्हा गेली. मधेच भुजंगचा आवाज आला, "न्हाई इवाई, न्हाई येत." मग माणिकरावांचा, "यील, यील. घाई नका करू. गाभण म्हशीला घाई केली तर ती जास्तीच अडती." एक घोट पाणी पिल्याचा आवाज. पुन्हा पावलं. गोजरबाईच्या ओठांवर नरसिंह, खंडोबा, मारुती सगळे एकाच रांगेत उभे होते. वरांड्याच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरांच्या बुटांचा आवाज आला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

आणि मग, झरीच्या बाजारात ऐकू यायचा तसा, गळ्याच्या शिरा ताणून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा आवाज आला:

"लाऽऽऽभ!"

आणि मागोमाग माणिकरावांचा, जरा लाजरा:

"दोऽऽन!"

डॉक्टर बूट न वाजवता उभे राहिले म्हणतात. त्यांनी लाभ म्हणजे काय ते कमलबाईला विचारलं, आणि कळल्यावर चष्मा काढून डोळे पुसत बसले. मग भुजंगला निजवून नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "वा! आता आत पूरा बाजार भरलाय!" पोट पुन्हा उघडायची गोष्ट कुणी काढली नाही. गोजरबाई दाराच्या आडोशाला जाऊन रडली, आणि परत येऊन दवाखान्यामागच्या चुलीकडं गेली. त्या संध्याकाळी भुजंगच्या पोटात तांदळाची पातळ पेज गेली, मीठ टाकलेली, चार चमचे. लाडवाचा डबा म्हाताऱ्याकडं सरकला. तंगडी मोडली होती त्याची, पोट शाबूत होतं.

माणिकराव दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गंगाखेडला गेले. जाताना भुजंगच्या खाटेला हात लावून म्हणाले, "आता बसत न्हाई, इवाई." भुजंग म्हणाला, "उपकार झाले." दोघंही हसले, भुजंग उशी धरून. अफूची गोळी कित्येक दिवसांनी गोजरबाईला लुगडं धुताना पदराच्या गाठीत सापडली. तिनं ती नदीत सोडली. त्या दिवशी झरीतले मासे लवकर निजले असतील.

दैवशालेला कुणी बोल लावला नाही. उलट सासऱ्यानंच घरी जाऊन सगळी कथा सांगितली, आपला "दोन" तेवढा गाळून. पण पार्वतीबाई तोंड मिटून बसणाऱ्या नव्हत्या.

झरीच्या बाजारात मात्र भुजंगची पंचाईत झाली. त्यानं पहिलं माप टाकून "लाभ" म्हटलं की कुणीतरी मागून विचारायचं, "कुणाचा रे?" आणि ढिगाभोवतीची माणसं पोट धरून बसायची. काही दिवस तो चिडला. मग चिडणं सोडून दिलं. पोतं उचलणंही सोडलं. आता हमाल आला नाही तर बाजार थांबायचा, पण भुजंग वाकायचा नाही.

दोन सुग्या गेल्या. रझाकारांची गडबड अजून सुरू व्हायची होती. एक दिवस गंगाखेडाहून निरोप आला की माणिकरावांच्या पोटात कळ निघाली, परभणीला नेऊन कापलंय. गोजरबाईनं भाकरी बांधल्या, पण लाडू बांधले नाहीत. दोघं नवराबायको दवाखान्यात गेले तर माणिकराव उताणे निजलेले, डोक्याला जरीचा पटका, गळ्यापर्यंत पांघरूण. उशाला एक बाक, रिकामं, भेटायला येणाऱ्यांसाठी झाडून पुसून ठेवलेलं.

"या इवाई, बसा," माणिकराव क्षीण आवाजात म्हणाले.

भुजंग बसला नाही. त्यानं दारातच आपला फेटा काढला, खुंटीला लावला, आणि एक हात पुढं केला.

"उठा," तो म्हणाला. "चला, बैलाला पाणी दावून येऊ."